भाऊबीज, मुक्काम एसेन

खेळ मुलांचा आणि जत्रा देवाची, एवढेच ज्ञान घेऊन मी वयाची शेहेचाळीस वर्षे काढली. खेळांचीच जत्रा भरते, तीत मोठी माणसे मांडी ठोकून खेळतात आणि चार दिवसांत तिथे दोन लाखांवर लोक लोटतात, हे मला २०२५ सालच्या भाऊबीजेला कळले. तेही पुण्यात नव्हे, जर्मनीतल्या एसेन या शहरी.

त्याचे असे झाले. माझी थोरली बहीण लग्न होऊन गेल्यापासून, म्हणजे गेली वीस वर्षे, ड्युसेलडॉर्फला राहते. गणपतीच्या सुमारास तिचा फोन आला. म्हणाली, "यंदा भाऊबीज तेवीस ऑक्टोबरला, गुरुवारी आहे. त्याच दिवशी इकडे एसेनला 'श्पील' सुरू होतंय. पोरानं तुझंही तिकीट काढून ठेवलंय. येणार असलास तर ये."

'श्पील' म्हणजे जर्मन भाषेत खेळ, आणि 'एसेन' म्हणजे खाणे. भाऊबीजेला खेळ आणि खाणे यांपलीकडे माणसाला आणखी काय हवे? पण माझे लक्ष त्या दोन शब्दांकडे नव्हते. ते 'येणार असलास तर' या शब्दांवर अडकले होते. त्या शब्दांत आमच्या घरची तीन वर्षे होती.

आई गेल्यावर वाईचे घर विकावे असे माझे म्हणणे पडले. ठेवावे असे ताईचे. कौले मी शाकारून घेत होतो, घरपट्टी मी भरत होतो; आठवणी मात्र दोघांच्या सारख्याच होत्या. २०२२ साली घर विकले. ताई सहीपुरती आली आणि गेली. सामानातले तिने काही मागितले नाही. फक्त विमानतळावरून फोन करून म्हणाली, "आईचा सारीपाट तेवढा ठेव." मी शोधला, सापडला नाही. "जुन्या बाजारात गेला असेल," असे सांगून मी मोकळा झालो. तेव्हापासून आमचे फोन सणावारापुरते आणि हवापाण्यापुरते राहिले. पुढे वर्षभराने गाद्यांच्या वळकटीत तो पट सापडला. पण इतक्या दिवसांनी हे कळवायचे कोणत्या तोंडाने, या विचारात आणखी दोन वर्षे गेली. एसेनला निघताना तो पट मी पिशवीच्या तळाशी घातला होता. द्यायचा कसा, ते मात्र ठरले नव्हते.

असो. हल्ली कुणाचा मुलगा तर कुणाची भाची युरोपात असतेच. वाचकांपैकीही कुणाला ऑक्टोबरात तिकडे जाण्याचा योग येईल. त्यांच्यासाठी माझ्या फजितीतून निघालेले शहाणपण आधी सांगतो, घरचे नंतर.

एसेन हे ऱ्हूर खोऱ्यातले पावणेसहा लाखांच्या आसपास वस्तीचे शहर. कोळसा आणि पोलाद यांवर पोसलेले. क्रुप घराण्याचे कारखाने इथलेच. शहरातली त्सोलफेराइन ही प्रचंड कोळशाची खाण १९८६ साली बंद पडली. २००१ पासून ती जागतिक वारसा म्हणून जपली जाते. खाणींचे दिवस भरत आले होते त्याच सुमारास, १९८३ साली, फ्रीडहेल्म मेर्त्स यांनी शहराच्या प्रौढशिक्षण केंद्रात खेळवेड्यांचा एक मेळावा भरवला. पटावरचे, पत्त्यांचे, फाशांचे, असे टेबलाभोवती बसून खेळायचे खेळ. मेळावा दरवर्षी वाढत गेला, खोल्या पुरेनात, तेव्हा तो 'मेसे' म्हणजे शहरातल्या प्रदर्शनाच्या भव्य दालनांत गेला. २०१९ साली तिथे २,०९,००० माणसे आली. २०२० साली महासाथीमुळे दालने उघडलीच नाहीत. २०२४ साली आकडा पुन्हा २,०४,००० वर जाऊन पोहोचला. जमिनीखालचा कोळसा संपला, पण शहराला हे दुसरे काही सापडले म्हणायचे.

प्रदर्शन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काचेची कपाटे आणि 'हात लावू नये' अशा पाट्या येतात. इथे उलटे आहे. प्रकाशक आपापले नवे खेळ टेबलावर मांडून ठेवतात, आणि कुणीही यावे, बसावे, खेळून बघावे. आवडला तर विकत घ्यावा, नाही तर आभार मानून उठावे. (खेळांना 'प्रकाशक' असतात हेही मला नवीनच. खेळाच्या पेटीवर पुस्तकासारखे कर्त्याचे नाव छापलेले असते.) १९९५ साली 'काटान' नावाचा खेळ इथल्या खेळाडूंनी डोक्यावर घेतला. त्याचा कर्ता क्लाउस टॉयबर हा दातांच्या कवळ्या बनवणारा तंत्रज्ञ. दिवसभराचे काम आटोपल्यावर हा गृहस्थ घराच्या तळघरात खेळ रचत बसे. पुढे त्या एका खेळाच्या कोट्यवधी प्रती खपल्या. २०२३ साली तो वारला. मराठीच्या प्राध्यापकाने हे ऐकून उसासा का टाकला, ते ज्यांनी कधी पुस्तक छापले असेल त्यांना सांगायला नको.

आता उपयोगाच्या गोष्टी.

पहिली गोष्ट तिकिटाची. जत्रा गुरुवार ते रविवार अशी चार दिवस भरते. तारखा दरवर्षी मागेपुढे होतात. दारावर जाऊन तिकीट काढू, या भरवशावर कुणी राहू नये. तिकिटे घरबसल्या संगणकावर आगाऊ काढायची असतात आणि काही दिवसांची आधीच संपतात. दिवस निवडण्यातही खुबी आहे. नवा माल हवा त्याने गुरुवार गाठावा, कारण गाजलेल्या खेळांच्या पेट्या दुपारपर्यंतही संपतात. शनिवारी गर्दी इतकी असते की तुळशीबागेत वाढलेल्या माणसानेही हात टेकावेत. रविवारी गर्दी ओसरलेली असते, आणि परत न्यायचे ओझे नको म्हणून काही गाळेवाले किमतीही उतरवतात. आमच्या भाचेबुवांनी या साऱ्याचा अभ्यास करून गुरुवार पक्का केला होता. वय वर्षे पंधरा. पण त्या दिवसाची त्याची तयारी पाहून मला माझे एम. ए. चे दिवस आठवले.

दुसरी गोष्ट मुक्कामाची. त्या आठवड्यात एसेनमधल्या खोल्या महिनोन्‌महिने आधी भरतात आणि भाडी चढतात. म्हणून ड्युसेलडॉर्फ, डुइसबुर्ग, बोखुम अशा शेजारच्या गावी बिऱ्हाड करावे. ही सारी गावे रेल्वेने एकमेकांना खेटून आहेत; ड्युसेलडॉर्फहून एसेन अर्ध्या तासाच्या आसपास. एसेनच्या मुख्य स्थानकावर उतरले की खालच्या मजल्यावरून यू-११ ही भुयारी गाडी पाच-सात मिनिटांत मेसेच्या दाराशी सोडते. कोणत्या थांब्यावर उतरायचे हे विचारावे लागत नाही. ज्यांच्या पाठीवर रिकाम्या पिशव्या आणि चेहऱ्यावर लग्नघाई असते, त्यांच्या मागोमाग चालावे.

दारे सकाळी दहाला उघडतात. आम्ही पावणेदहाला पोहोचलो तेव्हा बाहेर माणसांचा समुद्र होता. त्यासाठी ताईने पहाटे उठून सहालाच औक्षण केले. पाटाभोवती रांगोळी, निरांजन, खिडकीबाहेर अजून काळोख. मी ताटात पाकीट ठेवले. पट पिशवीतच राहिला. ताई म्हणाली, "पायात बूट मऊ घाल." मी म्हणालो, "बरं." आमचे संभाषण असे चालत असे.

बुटांचे म्हणणे मी मानले नाही, आणि हीच तिसरी गोष्ट. परदेशात जायचे म्हणून घेतलेले नवे कातडी बूट घालून मी निघालो. दालनांमागून दालने, आणि प्रत्येक दालनात गल्ल्यांमागून गल्ल्या. बारा वाजेपर्यंत दोन्ही टाचांना फोड आले. वाचकहो, जुने, सरावाचे बूट घाला. बाहेर थंडी असली तरी आत माणसांची ऊब असते. कोट दाराशी सांभाळायला द्यावा, हातात वागवू नये. पाण्याची बाटली जवळ ठेवावी. आणि कुठे चुकामूक झाली तर भेटायची जागा व वेळ सकाळीच ठरवून घ्यावी. इतक्या गर्दीत फोनचा भरवसा धरू नये, आणि धरलाच तरी त्या घुमाऱ्यात घंटी ऐकू येत नाही. हजारो माणसांचे बोलणे, हसणे आणि फाशांची खळखळ मिळून तिथे धबधब्यासारखा एक अखंड आवाज चालू असतो.

चौथी गोष्ट यादीची. दरवर्षी तिथे हजाराहून जास्त नवे खेळ येतात. सगळे बघू म्हणणारा काहीच बघत नाही. भाच्याने महिनाभर आधी माहिती वाचून बारा खेळांची यादी केली होती. प्रत्येकापुढे दालनाचा आणि गाळ्याचा क्रमांक. त्यातले पाच पाहून झाले तरी दिवस सार्थकी लागला, असे त्याचेच म्हणणे. दोन खेळ खेळून बघायचे, तीन नुसते उभ्याने पाहायचे, बाकीचे नशिबावर.

टेबल मिळवणे ही एक वेगळी कला आहे. रिकाम्या खुर्चीची वाट पाहत दारात उभे राहू नये. ज्या टेबलावरचा डाव संपत आला आहे ते हेरावे, जवळ जाऊन उभे राहावे आणि तोंडभर हसून विचारावे, "इस्ट हिअर नोख फ्राय?" म्हणजे, इथे अजून जागा आहे का? माझे सारे जर्मन एवढेच, पण त्यावर मी दिवस काढला. चौघांच्या खेळाला तिघेच जमले असतील तर ते तुमची वाटच पाहत असतात. तिथे ओळखपाळख लागत नाही. आमच्या पहिल्या डावाला एक सत्तरीच्या आजीबाई येऊन बसल्या आणि आम्हा सगळ्यांना हरवून, हस्तांदोलन करून निघून गेल्या. नाव ना गाव.

प्रत्येक टेबलाशी खेळ समजावून सांगणारी माणसे असतात. त्यांना 'एर्क्लेअरर' म्हणतात. बहुतेक कॉलेजातली मुले. इंग्रजीत सांगा म्हटले तर बहुधा सांगतात. मी त्यांच्याकडे धंद्याच्या नजरेने पाहत होतो. आधी सांगतात, खेळ जिंकायचा कसा. मग सांगतात, आपली पाळी आली की काय करायचे. आणि लगेच, "चला, सुरू करू." अपवाद आणि पोटनियम जेव्हा आडवे येतील तेव्हा. दहा मिनिटांत माणूस खेळायला लागतो. मी वीस वर्षे व्याकरण बरोबर याच्या उलट क्रमाने शिकवत आलो आहे. आधी अपवाद, मग नियम, आणि भाषा कशासाठी ते कधीच नाही.

आता माझ्या फजितीची गोष्ट. जत्रेत खायला मिळते. सॉसेज, तळलेले बटाटे, पाव. पण रांगा लांब आणि दर चढे. शाकाहारी माणसाने आपली शिदोरी न्यावी हे उत्तम. मी पुण्याहून पातळ पोह्यांचा चिवडा नेला होता. दुसऱ्या खेळाच्या टेबलावर, माझी पाळी यायला वेळ आहे असे पाहून, मी पिशवीत हात घालून एक मूठ तोंडात टाकली, आणि त्याच हाताने समोरचे पान उचलले. पांढऱ्याशुभ्र पानावर हळदीचा पिवळाधमक अंगठा उमटला. समजावून सांगणाऱ्या मुलीने काही म्हटले नाही. फक्त पत्त्यांचा गठ्ठा दोन बोटांनी हळूच माझ्यापासून दूर सरकवला आणि एक ओला रुमाल पुढे केला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. भाचा जर्मनमध्ये माफी मागू लागला. तेवढ्यात शेजारून खुसखुसणे ऐकू आले. ताई पदराने, नव्हे, तिकडच्या गळपट्ट्याने तोंड झाकून हसत होती. "आईच्या पत्त्यांना पण असंच केलं होतंस," ती म्हणाली. "बदामाची राणी. तेल लागलेली. म्हणून ती कुणाच्या हातात आहे ते नेहमी कळायचं." मी म्हणालो, "म्हणून तर तू जिंकायचीस." तीन वर्षांत आमच्यात झालेले हवापाण्यापलीकडचे हे पहिले बोलणे. तेव्हा, दुसऱ्यांच्या टेबलावर खाऊ नये, हा नियम मी तुम्हाला सांगतो. पण तो मोडल्याचा पश्चात्ताप मला पुरता होत नाही.

खरेदीबद्दल थोडे. पेटीवरची भाषा पाहून घ्यावी. जर्मन पेटीत नियम जर्मनच निघतात. ज्या खेळाच्या पानांवर मजकूर नाही, नुसती चित्रे आणि आकडे आहेत, तो कोणत्याही भाषेचा घेतला तरी चालतो. नियम तेवढे दुसरीकडून इंग्रजीत मिळवता येतात. मी स्वतःसाठी 'द क्रू' नावाचा पत्त्यांचा खेळ घेतला. २०२० साली जर्मनीत त्याला जाणत्या खेळाडूंच्या खेळाचा मोठा पुरस्कार मिळाला. आपल्या मेंढीकोटासारखी यात उतारी असते, हात करायचे असतात, हुकूम असतो. पण सगळे एका बाजूला, आणि हातातल्या पानांबद्दल बोलायचे नाही. पेटी लहान, वजन नाही. मोठ्या पेट्यांत निम्मी हवा असते, पण विमानात जागा त्या पेटीचीच जाते. तेव्हा आतले सामान एका पेटीत दुसऱ्याचे भरावे आणि पोकळीत कपडे कोंबावेत. थोडे रोख युरोही जवळ असावेत. लहान गाळ्यांवर ते बरे पडतात.

तीनच्या सुमारास माझ्या टाचांनी असहकार पुकारला. भाचा म्हणाला, "मामा, आता इथंच बसू." दोन दालनांना जोडणाऱ्या रुंद वाटेच्या कडेला, भिंतीशी, शेकडो माणसे जमिनीवर बसली होती. कुणी नवी पेटी फोडत होते, कुणी नियम वाचत होते, कुणी सरळ डाव मांडला होता. सुटाबुटातले लोकही फरशीवर मांडी घालून बसलेले. आम्हीही बसलो. ताई, भावोजी, भाचा आणि मी.

आणि मग मला काय वाटले कोण जाणे, मी पिशवीत हात घातला. चिवड्याच्या खाली, पंचात गुंडाळलेला तो पट होता. मी काही न बोलता फरशीवर उलगडला. विटलेले तांबडे कापड, त्यावर चार फाट्यांची अधिकाची खूण. प्रत्येक फाट्यावर आठ-आठ घरांच्या तीन ओळी. फुल्या आईने स्वतः पिवळ्या दोऱ्याने टाचलेल्या. जवळ सोंगट्यांची थैली आणि सहा कवड्या. ताई पटाकडे पाहत राहिली. माझ्याकडे तिने पाहिले नाही.

शांतता भाच्याने मोडली. "मामा, हे तर 'मेन्श' आहे!"

त्याचे म्हणणे खरे होते. जर्मनीत घरोघरी एक खेळ असतो. 'मेन्श एर्गेरे दिश निख्ट', म्हणजे 'माणसा, चिडू नकोस'. म्यूनिखच्या योझेफ फ्रीडरिख श्मिट याने १९०७-०८ च्या हिवाळ्यात आपल्या मुलांना गुंतवण्यासाठी तो घरी बनवला आणि १९१४ साली बाजारात आणला. पहिल्या महायुद्धात त्याने लष्करी रुग्णालयांना तीन हजार पट फुकट पाठवले. जखमी शिपायांनी तो खेळ घरी नेला आणि देशभर केला. त्याचे मूळ आपल्या पचिशीत आहे. चार फाटे, प्रत्येकाच्या चार सोंगट्या, आणि मारलेली सोंगटी पुन्हा घरी. भाचा तो खेळ लहानपणापासून खेळत आला होता. त्याची आजी कोणत्या खेळात मुरलेली होती, हे त्याला आज कळत होते.

"पण यात दोन गोष्टी वेगळ्या आहेत," मी म्हणालो, आणि सकाळच्या मुलीची रीत आठवून आधी जिंकायचे कसे ते सांगितले. मग कवड्यांचे दान. दोन उताण्या पडल्या तर दोन, तीन पडल्या तर तीन. एकच पडली तर दहा. आणि सगळ्या पालथ्या पडल्या तर पंचवीस, म्हणून पचीस. मग फुल्या. फुलीवर बसलेल्या सोंगटीला कुणी मारू शकत नाही. 'मेन्श'मध्ये असा आसरा नाही. आणि शेवटी खरी गोष्ट. इथे प्रत्येकजण आपापला नसतो. समोरासमोरचे दोघे जोडीदार. एकाच्या सोंगट्या पिकून भागत नाही, दोघांच्या पिकाव्या लागतात. म्हणून कधी कधी आपले दान असूनही आपली सोंगटी मागे ठेवायची आणि जोडीदाराची वाट राखायची.

"मी आणि तुझा मामा नेहमी एका बाजूला," ताई भाच्याला म्हणाली. "समोर तुझी आजी आणि पणजी. त्या दोघी लबाडी करायच्या." एवढे बोलून ती पटाच्या पलीकडे, माझ्या समोर सरकून बसली.

थैलीतून सोंगट्या काढल्या. तांबड्या तीनच. चौथीच्या जागी, पूर्वीसारखेच, वडिलांच्या कोटाचे तांबूस बटण. भाच्याने लगेच आपल्या पिशवीतून एक लाल लाकडी बाहुली काढली. तिथे सुट्या सोंगट्या विकणारे गाळेही असतात. तिथे त्याने ती घेतली होती. "ही लाव, आई." ताईने मान हलवली. बटणच राहिले.

डाव सुरू झाला. जाणारे-येणारे थांबू लागले. त्या वाटेवर हजारो नव्या कोऱ्या पेट्या फिरत होत्या, पण कवड्या कुणाकडे नव्हत्या. पाच-सात माणसे आमच्याभोवती उभी राहिली. भाचा ताठ बसून त्यांना जर्मनमध्ये समजावून सांगू लागला; दिवसभर दुसऱ्यांचे ऐकणारा पोरगा आता स्वतः एर्क्लेअरर झाला होता. मध्येच तो मला विचारी, "मामा, 'पिकली' म्हणजे काय सांगू?" मी सांगे, "फळ पिकतं तसं." तो ते जर्मनमध्ये सांगे आणि लोक हसून माना डोलावीत. मराठी शिकवून मला असे श्रोते कधी मिळाले नव्हते.

ताईची एक सोंगटी भावोजींच्या टप्प्यात सापडली होती. मला तीनचे दान पडले. त्या तिनात माझी सोंगटी पिकत होती, किंवा मागची पुढे घेऊन भावोजींची मारता येत होती. मी मागची हलवली. भावोजी 'अरेरे' म्हणाले. ताईने फक्त कवड्या उचलल्या.

डाव संपल्यावर एक वयस्क जर्मन गृहस्थ वाकून तिच्याशी बोलले. हा खेळ कोणत्या गाळ्यावर मिळतो, किंमत काय, असे विचारत असावेत. ताईने एकच लांबलचक शब्द उच्चारला, "उनफेरकॉय्फ्लिश." ते हसले, नमस्कारासारखी मान लववून गेले. मी भाच्याला विचारले, "काय म्हणाली?" तो म्हणाला, "विकायचा नाही, असं."

ताई पटाची घडी घालत होती. घडी घालता घालता म्हणाली, "कधी सापडला?"

"दोन वर्षं झाली."

"मग?"

"धीर झाला नाही."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कवड्या सहाच ना? मोज नीट. इथे पडली तर पुन्हा मिळायची नाही." मी मोजल्या. सहा होत्या.

संध्याकाळी सातला दारे बंद होतात. सातच्या गाडीला चेंगराचेंगरी असते. अर्धा तास आधी निघावे, किंवा बाहेर चहा घेऊन तासाभराने. आम्ही तासाभराने निघालो. भाच्याच्या बारापैकी चारच खेळ पाहून झाले होते. त्याची काही तक्रार दिसली नाही.

पुण्याला परतताना पट अर्थातच ताईकडे राहिला. निघायच्या दिवशी मी बॅग भरत होतो. 'द क्रू'ची पेटी मोज्यांच्या गुंडाळीत बसवत होतो. ताई आली आणि तिने माझ्या हातावर काहीतरी ठेवले. ते तांबूस बटण होते.

"हे कशाला? डाव अडेल तुमचा."

"अडू दे," ती म्हणाली. "पुढच्या भाऊबीजेला घेऊन ये."